खाली पडलेला पाला

आमच्या गोठ्यात एक बैल, एक शेळी आणि चार कोंबड्या. बैल कडबा ओढायचा तेव्हा पाला खाली पडायचा. शेळी तो खायला आली की बैल पाय बाजूला घ्यायचा. तिच्या लेंड्या उकरून कोंबड्या किडे टिपायच्या. विकतचा चारा फक्त बैलाला लागायचा.

दुष्काळात वडवणीच्या रस्त्याला सोसायटीनं छावणी उघडली. बैलाला घेतलं. शेळीकडं बघून चेअरमन म्हणाले, "लहान जनावर नियमात बसत न्हाई." नियम करणाऱ्यानं गोठा बघितला नसेल, पण चेअरमनच्या दारात शेळ्या होत्या. त्यांना सगळं कळत होतं.

छावणीत बैलाच्या पायाखाली पाला पडायचा. आईनं तो शेळीसाठी पदरात भरला, तर गेटवरच्या माणसानं पदर झाडायला लावला. चारा बाहेर न्यायचा नाही, हाही नियम. मग छावणी स्वच्छ दिसावी म्हणून तोच पाला ढीग करून पेटवायचे. तो धूर आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

शेळी उपाशी मेली. पाऊस झाल्यावर चेअरमननं बैलाच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढला आणि बैल घरी आला. दावणीला त्यानं कडबा ओढला, पाला खाली पडला, आणि त्यानं पाय बाजूला घेतला.