भिंगबाई आणि आमचे हात

माझ्या आत्याला दुसऱ्याच्या कामातले दोष काढण्याचा पगार मिळत होता. शर्टांचा कारखाना, शिलाईच्या साठ मशिनी, आणि माल इस्त्रीला जाण्याआधी खिडकीखाली तिचं टेबल. शिवून आलेला प्रत्येक शर्ट तिच्या हाताखालून जायचा. कॉलरची दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून बघायची, काज बोटाने ताणायचं, बाही उलटी करून आतली शिवण तपासायची. चूक सापडली की तिथे लाल चिकटपट्टीचा छोटा बाण. चष्मा तिला कधी लागला नाही, तरी कारखान्यात तिचं नाव भिंगबाई. तोंडावर तसं म्हणायची मात्र कोणाची छाती नव्हती.

शिवणाऱ्या बायका तिला घाबरत, पण तिचा राग करत नसत. बाण कपड्याला लागायचा, बाईला नाही. "हा कोणी शिवला?" असं मुकादमाने विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "शर्टाला विचारा." मग तीच तो शर्ट घेऊन त्या बाईच्या मशिनीपाशी जायची, "हे उसव, पुन्हा घाल" म्हणायची, आणि दुरुस्त होऊन आला की पट्टी स्वतःच्या नखाने काढायची. एकदा मालकाने घाईघाईत वाकड्या खिशांचा अख्खा गठ्ठा तसाच बांधायला सांगितला, तेव्हा ती त्या गठ्ठ्यावर जाऊन बसली. खरोखर बसली. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी उठली नाही. शेवटी खिसे उसवले गेले.

आम्ही ख्रिस्ती. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचे सभासद, दोनशे माणसांची, आणि माझे वडील तिचे थोरले पंच. आत्या त्यांची धाकटी बहीण. तिचा नवरा लवकर गेला, मागे एक मुलगी. त्या मुलीचं स्थळ वडिलांनीच आणलं. थोरल्या पंचांनी आणलेल्या स्थळात खोट कोण बघणार? भिंगबाईनेही बघितली नाही, आणि हे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही. मुलगा आमच्या गायकवृंदाचा मास्तर. त्याने वरचा सूर लावला की म्हाताऱ्या रुमाल काढत. मी त्याच्या मागच्या रांगेत गायचो. एक दिवस एखादं कडवं एकट्याला गायला मिळावं, यापलीकडे माझं आयुष्याकडे फारसं मागणं नव्हतं.

लग्नाला वर्ष झालं असेल. सरावाच्या संध्याकाळी मी पाणी प्यायला मागच्या खोलीत गेलो, तर आत्तेबहीण नळाशी वाकून तोंड धूत होती. गळ्याचा रुमाल खुंटीला लावलेला. मानेच्या एका बाजूला चार बोटं उमटली होती, दुसऱ्या बाजूला अंगठा. जांभळा रंग. तिने मला पाहिलं, मी तिला पाहिलं. "आईला सांग," ती म्हणाली, "माझ्याने सांगवत नाही." तेवढं मी सांगितलं. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं सरळ काम तेवढंच.

आत्याने त्याच संध्याकाळी मुलीला घरी आणलं आणि आमच्याकडे आली.

"दादा, तो तिला मारतो."

"भांड्याला भांडं लागतंच गं," वडील म्हणाले.

"लागतं तेव्हा आवाज दोन्हींचा येतो. इथे एकच फुटतंय."

"झाकली मूठ राहू दे. पंचाच्या घरातलं प्रकरण आहे."

मग ती चर्चच्या पाळकांकडे गेली. पाळक वाईट माणूस नव्हते. हे मुद्दाम लिहितो, कारण वाईट माणसाला झोडपणं सोपं असतं. ते भित्रे होते. म्हणाले, "बाई, दुसऱ्याचा न्याय करणारे आपण कोण? तो करणारा वर आहे."

"वरचं तो बघेलच," आत्या म्हणाली. "खाली तुम्हाला बसवलंय ना?"

पुढच्या रविवारी उपदेश झाला तो कुसळ आणि मुसळाचा. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ ठेवून दुसऱ्याचं कुसळ काढायला जाऊ नये, हे आम्ही तासभर ऐकलं. पोरीच्या मानेवर होतं ते यातलं नेमकं काय, हे कोणी विचारलं नाही. उपदेशानंतर मास्तर गायला. म्हाताऱ्यांनी रुमाल काढले.

आमच्यात एक रीत आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर मोडण्याआधी सगळे बाकांवरून उठतात आणि एकमेकांना हात देतात. मनात कोणाबद्दल काही ठेवून भाकर आणि द्राक्षरस घ्यायला मेजाशी जायचं नाही, म्हणून. रीत चांगली आहे, मला अजून आवडते. त्या महिन्यात मास्तर गायकांच्या जागेवरून खाली उतरला, मधल्या वाटेने थेट आत्याच्या बाकापाशी आला आणि सगळ्यांदेखत त्याने हात पुढे केला. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं. आत्याने त्या हाताकडे पाहिलं. आधी चार बोटांकडे, मग अंगठ्याकडे. आणि आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

मारणारा हात कोणी पाहिला नव्हता. न दिलेला हात दोनशे जणांनी पाहिला.

सभासदांची सभा भरली. विषय होता आत्याचं कठोर मन. न्याय करणारे आपण कोण, हे त्या दिवशी एकाही माणसाला आठवलं नाही. आत्या उभी राहिली. "मी डोळ्यांनी पाहिलंय," ती म्हणाली, "पण माझं धरू नका, मी आई आहे. माझ्या भाच्याने माझ्याआधी पाहिलंय. त्याला विचारा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वडील स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मास्तर माझ्याकडे बघून मायेने हसत होता. येत्या रविवारच्या गीताचं दुसरं कडवं त्याने मला दिलं होतं, एकट्याला.

"मला नीटसं आठवत नाही," मी म्हणालो.

मग मत घेतलं. तिचं मन वळेपर्यंत तिला मेजापासून दूर ठेवावं, या बाजूचे हात वर. हात वर गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. शांतपणे, प्रार्थना करून देतात. आत्या समोर उभी राहून एकेक हात बघत होती, रांगेमागून रांग, टेबलावर शर्ट बघावेत तशी. माझ्या हाताशी जरा थांबली, मग पुढच्याकडे गेली.

त्या रविवारी मी कडवं गायलो. सूर कुठेही चुकला नाही.

आत्तेबहीण दुसऱ्या शहरात गेली. कोर्टातून सुटका करून घेतली, एका दवाखान्यात नोकरी धरली. चर्चची पायरी ती पुन्हा चढली नाही, आणि चढ म्हणायला माझं तोंड नाही. आत्या मात्र नऊ वर्षं दर रविवारी आली. शेवटच्या बाकावर बसायची. प्रभुभोजन असलं की मेजावरचं पांढरं कापड उचलताच उठून बाहेर पायऱ्यांवर उभी राहायची, आणि आतली प्रार्थना संपली की घरी जायची. एकदा मी उशिरा पोचलो, तर पायऱ्यांवर तिने माझ्या बाहीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळून तोडला. बोलली काही नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मास्तरने दुसरं लग्न केलं. टाकलेला बिचारा नवरा म्हणून मंडळीने त्याचं कौतुकच केलं. पुढे एका दुपारी ही दुसरी बायको आत्याच्या दारात उभी राहिली. मनगट मोडलं होतं, हात दुपट्ट्याच्या झोळीत. दोनशे माणसांतून तिने नेमकं तिचंच दार निवडलं, जिच्या मनाला आम्ही कठोर ठरवलं होतं. आत्या तिला दवाखान्यात घेऊन गेली, तिथून पोलिसांत. मास्तरला सरावातून उचलून नेलं. त्या आठवड्यात आमच्या मंडळीत एकदम दोनशे संदेष्टे पैदा झाले. "मला आधीपासून शंका होतीच." वरातीमागून घोडे, आणि प्रत्येक घोडा म्हणतो मी पुढे होतो.

वडील आणि पाळक आत्याकडे गेले. वडिलांचे गुडघे गेलेत, म्हणून धरायला मी.

"मंडळीने ठरवलंय," पाळक म्हणाले, "तुम्हाला पुन्हा मेजाशी घ्यायचं."

"मंडळीच्या वहीत माझ्या नावापुढे काय लिहिलंय?"

"मन कठोर, समेटास नकार," पाळक हळू आवाजात म्हणाले.

"आणि त्याच्या?"

"काही नाही," वडील म्हणाले.

"मग माझ्या नावाखाली लिहा, बाई खरं बोलत होती."

"जाऊ दे गं आता. कोणाकोणाचे दोष काढत बसायचं?"

"ज्याचे होते त्याचे, दादा. तेवढेच. तेव्हाच काढले असते तर त्या दुसऱ्या पोरीचं मनगट शाबूत राहिलं असतं. कदाचित तोही माणसात आला असता. तुम्ही वाकडा माल तसाच बांधून पुढे पाठवलात."

पाळकांनी कशीबशी प्रार्थना उरकली. उठताना मला आमची रीत आठवली आणि मी आत्यापुढे हात केला. तिने तो धरला. माझे डोळे भरून आले, वाटलं, सुटलो. तिने हात उलटा केला, पुन्हा सुलटा केला, बाहीची घडी सरळ केली. आणि माझा हात माझ्याकडेच परत दिला.

"हा त्या दिवशी वर गेला होता," ती म्हणाली. "दुरुस्त करून आण. मग घेईन."

दुरुस्ती काय करायची, हे मला पक्कं ठाऊक आहे. सभेत उभं राहून तीन शब्द बोलायचे, मी पाहिलं होतं. वडील पहिल्या रांगेत बसलेले असतील. त्यानंतर तीन सभा झाल्या. तिन्ही सभांना मी लवकर जाऊन खुर्च्या मांडल्या, आणि संपल्यावर उचलून ठेवल्या.

भिंगबाईच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. मी गेलो की पावलांवरून ओळखते.

"आणलास?" ती विचारते.

मी हात खिशात घालतो.