भवानी पेठेतला वीरगळ

निवृत्त ड्रॉइंग मास्तर गुरुशांत यांची इच्छा एवढीच होती, की आपल्याला कुणीतरी कलावंत म्हणावं. पेठ मात्र या बाबतीत भलतीच कंजूष. मास्तर लूमवरचं टाकाऊ सूत, लाकडाचा भुसा, कागदाचा लगदा, प्लास्टर आणि सरस असं सगळं कालवून फळीवर थापायचे आणि त्यातून जुन्या देवळांचे झिजलेले दगड उभे करायचे. असा पहिला दगड हौसेनं बैठकीत टांगला, तर शेजारचे सोमशेखर चहा पिता पिता म्हणाले, "सर, भिंतीला ओल आली की! वॉटरप्रूफिंग करून घ्या." बायको दाक्षायणी तर रोज सकाळी सांडलेली कला केरसुणीनं गोळा करायची.

यंदा मात्र थेट पुण्याहून एका गॅलरीचे साहेब स्वतः काम बघायला येणार होते. मास्तरांनी जिवाचं रान करून वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मरणदगड केला. लढणारा वीर, त्याच्या गाई, वर चंद्र-सूर्य, सगळं झिजलेलं, चहाच्या चोथ्यानं शेवाळलेलं. कोपऱ्यात ठसठशीत सही. सोमवारी सकाळी तो बोळातल्या कडुलिंबाला टेकवून उन्हात ठेवला आणि ते साहेबांना आणायला स्टेशनवर गेले.

परत येतात तर लिंबाखाली ही गर्दी! म्हाताऱ्या मल्लव्वानं वीराला तेल पाजलं होतं, शेंदूर थापला होता, नारळही फुटला होता. सही शेंदराखाली गडप. साहेब रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते, तोवर मास्तर तिच्या कानाशी गेले.

"मल्लव्वा, अगं ह्ये मी केलंय! प्लास्टर हाय त्ये!"

"आसं बोलू न्हाय मास्तर. कोपंल की त्यो."

तेवढ्यात साहेब आले. वाकून, डोळे बारीक करून बघत राहिले. "अप्रतिम! कुणी घडवलाय हा?"

"घडवतंय कोण, साहेब?" मल्लव्वा म्हणाली. "आपसूक वर आलाय. सयंभू हाय!"

मास्तरांनी तोंड उघडलं, तर तिनं त्यात खोबरं कोंबलं. मास्तरांना रडू येत होतं. उभ्या जन्मात अशी दाद त्यांना मिळाली नव्हती, आणि तिच्यात त्यांचं नावच नव्हतं.

साहेबांनी बूट काढले, भक्तिभावानं डोकं टेकवलं आणि कपाळाचा शेंदूर न पुसताच ते मास्तरांकडे वळले.

"दर्शन छान झालं. चला, आता तुमचं काम दाखवा."