अडकलेल्या विमानाचा मेल

सत्यशीलाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीच्या तळावर राहून लागलेली सवय. तिसगावहून पहिली एसटी धरायची आणि सातच्या आत नगरच्या एमआयडीसीत कॉम्प्युटरपुढे बसायचं. कारखाना लहान, पण माल विमानांचा. बोल्ट, पट्ट्या, बिजागऱ्या.

ऑर्डरी मेलवर येत. विमान कंपन्यांच्या नावाने चोरही मेल धाडत. वरून दिसायला सुट्या भागाचा नकाशा, आत व्हायरस. उघडला की सगळे कॉम्प्युटर बंद, आणि तिथून गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरांत शिरायला वाट मोकळी. सत्यशीलाचं काम ते दारातच अडवायचं. अनोळखी मेल आला की आधी आपल्या वहीतल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, मगच उघडायचा. संध्याकाळी सगळ्या कामाची नक्कल एका डिस्कवर घ्यायची, वायर काढायची, डिस्क कपाटात ठेवायची. तीन वर्षांत तिने एक दिवस चुकवला नाही. अंगात ताप असतानाही नाही.

लेथवरचा कल्याण रोज चिडवायचा, "काय डॉक्टरीणबाई, आज किती किडे मारले?"

"तुमच्या मोबाईलमधले अजून मोजले न्हाईत, मामा."

दिवाळीला ती नोकरीत कायम होणार होती. त्या जोरावर तिने आईला शब्द दिला होता, यंदा तोडीला जायचं नाही. लंकाबाईने तीस हंगाम डोक्यावर मोळ्या वाहिल्या होत्या. आता कंबर सरळ होत नव्हती. वडील सूर्यभानअण्णा यांनी मुकादमाला नाही म्हणून सांगितलंही होतं.

दसऱ्याआधी दोन आठवडे, सकाळी साडेसातला एका विमान कंपनीच्या नावाने मेल आला. विमान धावपट्टीवर अडकलंय. एक बिजागरी तुटलीय. दीडशे माणसं आत बसून आहेत. नकाशा सोबत जोडलाय, तासाभरात कळवा.

तिने वहीतला त्या कंपनीचा नंबर लावला. कोणी उचलला नाही.

तळावर एखाद्याची भरलेली बैलगाडी रुतली, तर ती कोणाची हे कोणी विचारत नाही. हातातला कोयता टाकून सगळे चाकाला खांदा देतात. सत्यशीला त्यातच वाढलेली. तिने दुसऱ्यांदा फोन लावला नाही. नकाशा उघडला.

दहा मिनिटांत सगळे पडदे काळे झाले.

मालकीण राजेश्वरीताई धावत आल्या. "कुणी उघडलं?"

कल्याण कानाशी पुटपुटला, "गप ऱ्हा. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय, मामा." मग ती मोठ्याने म्हणाली, "मी उघडलं, ताई."

कपाटातली डिस्क काढून तिने एकेक कॉम्प्युटर पुसला आणि पुन्हा भरला. तीन दिवस लागले. एकही नकाशा हरवला नाही. पण मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डरी थांबवल्या. ज्याने मेल उघडला तो माणूस त्या खुर्चीवर नको, असं लिहून कळवलं.

"कारखाना तुझ्या डिस्कनं वाचला," राजेश्वरीताई म्हणाल्या. "पण ते मला तुला ठेवू देत नाहीत गं." त्यांनी मान वर केली नाही.

घरी लंकाबाई तूर पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या इमानातल्या मान्सांचं काय झालं?"

"विमान नव्हतंच, आई."

लंकाबाईने सूप खाली ठेवलं. "बरं झालं. कुनी अडकलं न्हाई म्हन्जे."

"यंदा अण्णांसंगं मी जाते तोडीला."

"तू कोयता धरलास तर मी एवढी वर्सं काय केलं गं? तू दुसरं काम बघ." तिने सूप पुन्हा हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान मुकादमाकडे जाऊन नवराबायकोच्या जोडीचं नाव घालून आले.

शेवटचा पगार मिळाला त्या दिवशी सत्यशीला तिसगावच्या बाजारात गेली. तळावरच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीवर, टाकायला जाड ताडपत्री निवडली. उजेडात धरून भोकं पाहिली, कडेची एकेक कडी ओढून पाहिली. दसऱ्यानंतर ट्रॅक्टर निघाला तेव्हा ती ताडपत्री घडी करून ट्रॉलीत ठेवली होती, आणि तिच्यावर लंकाबाई बसली होती.