दुखण्याचा रकाना, आवाजाचा रकाना

साठीनिमित्त ज्यांचा सत्कार होत आहे, त्या डॉ. कुंदाताई ठवकर यांची आणि माझी पहिली भेट मतभेदाने सुरू झाली. नागपुरातील एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर बाहेरचा सदस्य म्हणून माझी नेमणूक झाली होती. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. वैद्यकाचे मला ज्ञान नाही. पहिल्याच बैठकीत त्याच रुग्णालयातील कुंदाताईंचा प्रस्ताव आला. बोलताना ज्यांचा गळा आणि मान दुखते, अशा रुग्णांना त्या आवाजाचे व्यायाम शिकवीत. त्याच्या जोडीला मानेमागे आणि खांद्यांवर चिकटपट्ट्या लावून मज्जातंतूंना सौम्य विद्युत्प्रवाह द्यावा, म्हणजे आखडलेले स्नायू सैल पडतील आणि वेदना उतरेल, अशी त्यांची मांडणी होती. मी विचारले, "रुग्णाला बरे वाटले, तर ते विजेमुळे, व्यायामामुळे, की कोणीतरी अर्धा तास आपुलकीने विचारपूस केली म्हणून, हे कसे ठरवणार?"

"आज नाही सांगता येणार, सर," कुंदाताई म्हणाल्या. "म्हणूनच तुमच्यासारखा माणूस पाहिजे. दर शनिवारी येऊन बसाल का?"

आक्षेप घेणाऱ्याला कामाला लावण्याची ही रीत मला नवी होती. दोन्हीकडे बसणे योग्य नव्हे, म्हणून मी समितीचा राजीनामा दिला आणि शनिवारी जाऊ लागलो. अजूनही जातो.

कुंदाताईंच्या वहीत प्रत्येक रुग्णापुढे दोन रकाने असतात. पहिला दुखण्याचा, त्यात रुग्णाने स्वतः शून्य ते दहा यांपैकी आकडा लिहायचा. दुसरा आवाजाचा, तो रुग्णानेही भरायचा नाही आणि कुंदाताईंनीही नाही. उपचारापूर्वीचे आणि नंतरचे ध्वनिमुद्रण त्यांच्या सहायिका क्रम बदलून मला ऐकवतात. कोणते आधीचे, हे मला ठाऊक नसते. कोणता आवाज अधिक मोकळा, एवढेच मी लिहितो. स्वतःच्या यशाचा निर्णय दुसऱ्याच्या हाती देणे बोलायला सोपे आहे. त्याची किंमत मी एकदा जवळून पाहिली.

बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यातील सुपरवायझर रमेश भोयर उपचारासाठी येत असत. यंत्रमागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे ओरडून त्यांचा गळा इतका दुखू लागला होता की घोट गिळणे नकोसे व्हावे. महिनाअखेर कामास योग्य असल्याचे पत्र आणले नाही, तर गोदामात बदली, असे त्यांना व्यवस्थापकांनी सांगितले होते. "मागावरच्या माणसाले गोदामात कोण विचारते?" असे ते पुन्हा पुन्हा म्हणत. काही आठवड्यांत त्यांचा दुखण्याचा आकडा सातावरून एकावर आला. त्यांनी पत्र मागितले. त्या शनिवारी मी त्यांची दोन ध्वनिमुद्रणे ऐकली आणि दुसरे अधिक मोकळे, असे लिहिले. ते उपचारापूर्वीचे निघाले.

भोयर संतापले. "मॅडम, गळा माझा. दुखत नाही म्हणतो मी! मग हे सर काहून नापास करून राहिले मले? यायले काय दुखते?"

"त्यायले काहीच दुखत नाही, रमेशभाऊ, म्हणूनच त्यायले बसवलं," कुंदाताई म्हणाल्या. "रेकॉर्डिंगच्या वेळी बोलले कसे तुम्ही?"

"कसं म्हणजे? जोरात! दुखणं गेलं तं दाखवाले नको का?"

सारा उलगडा त्या उत्तरात होता. वेदना होती तोवर ती त्यांना ओरडण्यापासून थोडीफार अडवीत होती. उपचाराने वेदना उतरवली. ओरडण्याची सवय तशीच राहिली. कुंदाताईंनी पत्र दिले नाही. वहीत मात्र लिहिले : "चूक माझी. दुखणे उतरल्यावर आवाज अधिक जपायचा, हे सांगायचे राहिले."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः कारखान्यात गेल्या. व्यवस्थापकांकडून त्यांनी सहा आठवड्यांची मुदत मागून घेतली आणि भोयरांच्या गळ्यात शिट्टी अडकवली. हाक मारायची ती शिट्टीने, बाकीचे हातखुणांनी सांगायचे.

"मी का ट्रॅफिक पोलीस हो, मॅडम?"

"सहा हप्ते व्हा," कुंदाताई म्हणाल्या.

मुदत संपल्यावर मी पहिले ध्वनिमुद्रण अधिक मोकळे ठरवले. ते नंतरचे होते. पत्र हाती पडल्यावर भोयरांनी मला विचारले, "झालो ना पास, सर?" त्यांनी ते हळू विचारले, याची मी नोंद घेतली.

हृदयात पेसमेकर असलेल्या एका शिक्षिकेला विजेचा उपचार देण्यास कुंदाताईंनी साफ नकार दिला; पण शिक्षिकेची गावाकडे, पारशिवनीला जाणारी बस चुकू नये म्हणून व्यायामाची वेळ स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत ठेवली. माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्या ध्वनिमुद्रणे घेऊन घरी आल्या, सोबत वरणफळांचा डबा होता. वरणफळांबद्दल मात्र त्यांनी माझे मत विचारले नाही.

माझ्या पहिल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. विजेचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, या प्रश्नापुढे कुंदाताई आजही "निश्चित नाही" असेच लिहितात. साठाव्या वर्षी इतक्या कौतुकाने वेढलेल्या व्यक्तीने हे दोन शब्द लिहीत राहणे, हाच मला त्यांच्या गौरवाचा सर्वांत भक्कम आधार वाटतो. उत्तर मिळेपर्यंत पुष्कळ शनिवार लागतील. कुंदाताईंना तेवढे दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. माझे कानही तोवर टिकोत.

सत्काराच्या दिवशी भोयर सभागृहात कुंदाताईंच्या नावाचा जयघोष करणार होते. कुंदाताईंनी त्यांना शिट्टी आणायला सांगितले आहे.