थांबवलेला आकडा

भर समुद्रात आमचा पिवळा बोया, म्हणजे तरंगतं मोजयंत्र, नांगरून ठेवलेला आहे. लाटांवर वरखाली होत तो त्यांची उंची मोजतो आणि दर अर्ध्या तासाने उपग्रहामार्फत घाटकोपरच्या ऑफिसात आकडा धाडतो. आलेला आकडा खरा की खोटा, हे ठरवायचं काम माझं. शंका आली की आकडा थांबवायचा. थांबवलेल्या आकड्यावरून कोळीवाड्यांना इशारा जात नाही.

शंका यायला कारणही होतं. तरंगत्या वस्तूच्या सावलीत मासे जमतात, म्हणून मच्छीमार बोयालाच बोट बांधतात आणि तिच्या हिसक्यांनी आकडे बिघडतात. हे मला ऑफिसाने नाही, माहुलच्या माझ्या भावोजींनी शिकवलं. एकदा मी मोठ्या लाटेचा इशारा सोडला आणि सगळ्या बोटी रिकाम्या परत फिरल्या. लाट कसली नि काय! संध्याकाळी भावोजी पोट धरून हसले. "अरे, बोट मीच बांधली होती!" साहेबांनी माझी खरडपट्टी काढली ती वेगळीच. मला ते फार लागलं. पुन्हा हसं करून घ्यायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

पुढच्या मोसमात एका सकाळी ताईचा फोन आला. "हे निघालेत. बघ ना रे, कसा आहे दर्या?"

"झकास आहे. जाऊ दे बिनधास्त."

बारा वाजता लाट सव्वा मीटर होती, साडेबाराला एकदम साडेतीन. खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलेलं. आले वाटतं भावोजी बोयावर, असं म्हणत मी हसत हसत आकडा थांबवला. एकचा त्याहून मोठा आला, तोही थांबवला. दीडचा पाहिला आणि माझी चूक कळली. बोट बांधलेली असती तर आकडा खालीवर उड्या मारत राहिला असता. हा नुसता चढत होता. मागचे आकडे पुन्हा ताडून इशारा सोडला तेव्हा दोन वाजायला आले होते.

बोट उलटली होती. बरोबरच्या दोघांना दुसऱ्या बोटीने उचललं. भावोजींचा देह तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला.

ताईने मला एकदाच विचारलं. "तुमच्या बोयाला काहीच कळलं नाही का रे?"

"बंद पडला होता," मी म्हणालो. मी भित्रा माणूस आहे, दुसरं काही कारण नाही. तिने मान हलवली. मग माहुलमध्ये घरोघर जाऊन तिने तेच सांगितलं, मला कुणी बोल लावू नये म्हणून. मला तिच्यासमोर बसवत नाही, तरी दर रविवारी जातो.

परवा आकडा पुन्हा तसाच चढू लागला. या वेळी मी एकही थांबवला नाही. लगेच इशारा सोडला आणि ताईला फोन लावला, कारण भावोजींच्या मागे तिचा धाकटा दीर समुद्रावर जातो.

"ताई, त्याला थांबव. लाट मोठी आहे."

"तो मघाशीच गेला," ती म्हणाली. "मोबाइलवर इशारा आला तसा थांबला होता रे. मीच म्हटलं, जा, त्यांचं यंत्र बिघडलेलंच असतं."