पाटणकर काकांचा दुसरा अल्बम

पाटणकर काका कुणाच्याही दाराची बेल सरळ वाजवायचे नाहीत. ठेका धरून वाजवायचे, आणि दार उघडलं तरी समेवर येईपर्यंत बोट काढायचे नाहीत. हिंदी मुलखातल्या या इंदिरा नगरात आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी आमची बेल जळाली. "बेल कच्ची थी यार," काका म्हणाले, "ठेका पक्का होता!"

तरुणपणी, बँकेची नोकरी सांभाळून, काका-काकूंनी 'विद्युत' नावाचा दोघांचाच बँड काढला होता. काका सिंथेसायझरवर, गायला काकू. एक कॅसेट निघाली, ती नातेवाइकांनी भिडेखातर घेतली. निवृत्तीनंतर काकांनी दुसरा अल्बम केला. चार गाणी, सगळ्यांच्या मागे टुंग टुंग टूं. "लाइट जाते, सूर जात नाही," हे काकांचं ब्रीद.

काकू मात्र कातावल्या होत्या. जिथे वाजवावं तिथे लोक पहिल्या गाण्यालाच चहाला उठायचे. "घसा कोरडा करून गायचं कुणासाठी, खुर्च्यांसाठी? या खेपेला लोक उठले ना, तर माझं गाणं बंद. आणि ती तुमची सिंथेसायझरची पेटी कबाडीवाल्या भैयाला!" काकांचं तोंड एवढंसं झालं. काकूंशिवाय नुसती टुंग टुंग उरते, हे त्यांनाही कळत होतं.

प्रकाशन मराठी मंडळाच्या गणपतीत ठरलं. आरती झाली. काकांनी स्वतः फिरून प्रत्येकाच्या हातात मंत्रपुष्पांजलीची फुलं दिली. आम्ही डोळे मिटले. मंत्र सुरू होणार, तेवढ्यात काकांनी स्पीकर लावला. टुंग टुंग टूं!

आता करता काय? हातात देवाची फुलं. ती वाहिल्याशिवाय हलायचं कसं? गुरुजींनी डोळे वटारले, पण त्यांच्याही मुठीत झेंडू! "मम्मी, ये कब ख़तम होगा?" माझी लेक कुजबुजली. "गप, देवाचं आहे," मी ठोकून दिलं.

दुसरं गाणं झालं, तिसरं लागलं. मोदकांचा वास जीव खात होता. पण खरं सांगते, तिसऱ्यात काकूंचा आवाज असा काही लागला, की माझ्या अंगावर काटा आला. गुरुजीसुद्धा डोलायला लागले. चौथं संपलं, मंत्र झाले, आणि फुलं वाहून सगळे मोदकांवर तुटून पडले.

काकू जागच्या हलल्या नाहीत. मूठ मिटलेलीच. काका भीत भीत जवळ गेले. "अगं, वाहा ना फुलं. झाला अल्बम."

"अहो, तिसरं परत लावा," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "लोकांची तोंडं बघता बघता माझं ऐकायचंच राहिलं."