पाणी एकीकडं, चारा दुसरीकडं

त्या दिवाळीत हंबीररावआबांचं कशातच मन लागेना. सत्याहत्तर साल. आटपाडीकडच्या माळावरचं गाव, घरभर फराळाचा घमघमाट, आणि हा म्हातारा सकाळपासून रेडिओचा कान पिळत ओट्यावर येरझाऱ्या घालतोय! सोमालिया आणि इथिओपियाच्या लढाईची बातमी लागली, की सगळ्यांना दटावून गप्प बसवायचा.

"आवं मामंजी," थोरली सून हरणाबाई वैतागली, "लढाई कुठल्या मुलखात, आन् जीव तुमचा टांगणीला!"

तिला त्याचं काय! महायुद्धात आबा रसदीचा ट्रक हाकत त्याच मुलखात हिंडले होते. ट्रक वाळूत रुतला, तेव्हा वारसामे नावाच्या उंटवाल्यानं त्यांना उंटिणीचं दूध पाजून जगवलं होतं. त्याच्या तळाजवळ एक हद्दीचा दगड होता. गोऱ्या साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, आणि एका बोलीचे, एका आज्याचे नातू वाटून टाकले. कुणी इंग्रजाकडं, कुणी इटलीकडं, कुणी इथिओपियाच्या राजाकडं. विहिरी अलीकडं, पावसाळी कुरण पलीकडं. वारसामेला त्याचं हसूच यायचं. त्याचे उंट त्या दगडाला अंग घासायचे. भाऊ पलीकडं हाय, दगड आम्हाला काय करणार, असं तो हातवारे करून सांगायचा.

आणि आता त्याच रेघेवरून तोफा धडाडत होत्या. वारसामे जिता आहे का, त्याची पोरं कुणाच्या बंदुकीपुढं उभी आहेत, काही कळायला मार्ग नव्हता.

त्यात घरातच वाटणी निघाली. थोरला सयाजी, धाकटा ज्योतिबा. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. भाऊबीज झाली आणि मोजणीदार साखळी घेऊन मळ्यात आला. त्यानं सरळ रेघ धरली. विहीर सयाजीकडं गेली, गवताचं रान ज्योतिबाकडं. दगड रोवायला खड्डा खणला. रिवाजाप्रमाणं घरातल्या वडीलधाऱ्यानं दगडाला शेंदूर लावून नारळ फोडायचा. बाजूला आडव्या पडलेल्या त्या दगडाशी म्हैस आली आणि खुशाल मान घासू लागली.

आबांनी हातातला नारळ काखेत मारला.

"पाण्याचं काय रं?" त्यांनी विचारलं.

"आबा, दादा हाय की माजा!" ज्योतिबा हसला. "तो काय पाणी तोडतोय व्हय?"

"वारसामेचा बी भाऊच व्हता, गड्या."

"झालं! निघाले आबा आफ्रिकेला!" ज्योतिबानं कपाळावर हात मारला. मोजणीदारही हसला.

आबा मात्र भडकले. तरातरा गेले आणि त्या खड्ड्यातच मांडी घालून बसले. "हसा! तो बी असाच हसायचा! सयाजी, तू सांग. हीर दोगांची, असं मोजणीदारांम्होरं बोल. मग फोडतो नारळ."

सोपी गोष्ट होती. पण सयाजीनं विहिरीकडं पाहिलं, मग ज्योतिबाच्या गवताकडं, मग नुसताच पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. ज्योतिबाच्या तोंडावरचं हसू हळूहळू मावळलं. भावाचा असा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता.

"दादा?" तो म्हणाला.

म्हैस कंटाळून निघून गेली. ऊन चढलं. आबा काही हलले नाहीत.

"हीर सामाईक लिवा, सायेब," सयाजी शेवटी खाली मान घालून पुटपुटला.

मोजणीदारानं लिहून घेतलं. आबा गुडघ्यांवर हात टेकत उठले, पण नारळ तसाच काखेत होता. ते सयाजीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"दगड आजून रोवला बी न्हाई, पोरा," ते म्हणाले, "मग यवडा येळ का लागला रं तुला?"